गायरान कोणाचे?

शेतकऱ्याने रात्री-अपरात्री, सापविंचवांच्या भयाने जीव मुठीत धरून पिकांना पाणी द्यावे, ही स्थिती कोणत्याही राज्यास भूषणावह नाही. त्यास दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये आरंभलेली आणि २०२३ मध्ये नव्या स्वरूपात पुढे आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यामुळेच स्वागतार्ह ठरते. उपकेंद्राजवळ वीज निर्माण व्हावी आणि ती कृषी वाहिनीवरून शिवारात पोहोचावी, ही कल्पना साधी व व्यवहार्य आहे.

प्रश्न आहे तो जमिनीचा. एका मेगावॉटला साधारणतः ४ ते ५ एकर जागा लागते. खासगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये मिळतात. शासकीय जमीन मात्र नाममात्र १ रुपया भाड्याने दिली जाते, आणि तीत गायरानही येते. ग्रामपंचायतीस वर्षाला ५ लाख रुपये अनुदान आहे खरे. पण ते ३ वर्षांपुरते. वीजखरेदीचा करार मात्र २५ वर्षांचा! उरलेल्या २२ वर्षांत गावाच्या पदरी काय, हे कोणीतरी सांगावयास हवे.

कागदावर गायरान 'पडीक' दिसते. भूमिहीनाची शेळी, धनगराची मेंढरे आणि अल्पभूधारकाचे गोधन त्याच पडीक जमिनीवर जगते. गोरक्षणाच्या घोषणा देणाऱ्या समाजाने गायीचे कुरणच कुंपणाआड जाऊ द्यावे, यासारखी विसंगती नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींचे रक्षण करण्याचे राज्यांना बजावले होते.

सौरऊर्जेला आमचा विरोध नाही, विरोध आहे तो गावाला गृहीत धरण्याला. गुजरातेत चंद्रासण येथे २०१२ मध्ये नर्मदेच्या कालव्यावर सौरपटले बसविण्यात आली. एक एकर कुरणही त्यासाठी गेले नाही. आपल्याकडेही कालवे व शासकीय इमारतींची छपरे यांचा विचार आधी व्हावा. गायरान घ्यावेच लागले, तर ग्रामसभेची खुली संमती, गुरांना पाणवठ्यापर्यंत वाट, करार असेपर्यंत गावास वाजवी भाडे आणि मुदतीअंती जमिनीची पूर्ववत परतफेड, एवढे तरी करारात लिहिले जावे.

सूर्य सर्वांचा आहे. त्याचा प्रकाश विकून येणाऱ्या पैशात, ज्याची जमीन गेली त्या गावाचा वाटा नसावा, हे न्यायाचे नव्हे. ग्रामसभेच्या दिवशी कार्यकर्त्यांनी घरी न बसता हा प्रश्न विचारावा.