रंगाची भूल

वाशीतल्या एका सराफाच्या पेढीत परवा शेजारी बसलेल्या वहिनी लेकीसाठी गुलाबी हिऱ्याची अंगठी बघत होत्या. "दुर्मिळ असतो म्हणे, पुढे भाव वाढणारच!" त्या मला म्हणाल्या.

दुर्मिळ तर खराच. हिऱ्याला पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, निळा बोरॉनमुळे. गुलाबी हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण 2020 मध्ये बंद झाली. इंदूरच्या होळकरांचा 23.24 कॅरटचा गोवळकोंड्याचा निळा हिरा पुढे बडोद्याच्या गायकवाडांकडेही गेला. 2025 मध्ये लिलावासाठी त्याची अंदाजे किंमत साडेतीन ते पाच कोटी डॉलर जाहीर झाली होती!

पण मैत्रिणींनो, असे रंगीत हिरे आता प्रयोगशाळेतही तयार होतात. खाणीतल्या हिऱ्यावर किरणांचा मारा करूनही रंग आणता येतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर! आणि हॉलमार्क सांगतो तो सोन्याचा कस, हिऱ्याचा नव्हे. म्हणून न लाजता विचारा: हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला? रंग मूळचा की नंतर आणलेला? मोडायची वेळ आली तर किती परत मिळतील? पहिल्या दोन्हींचं उत्तर प्रमाणपत्रावर बघा, तिसऱ्याचं पावतीवर लिहून घ्या.

हौस जरूर करावी. पण अडीनडीला सोनं जसं त्या दिवसाच्या भावाने मोडता येतं, तसा रोजचा ठरलेला भाव या खड्यांना नाही.

वहिनींनी प्रमाणपत्र मागितलं. हिरा प्रयोगशाळेतला निघाला. अंगठी त्यांनी घेतलीच, पण त्याच्या भावात!