शंका म्हणजे अविश्वास नव्हे!

एखाद्या प्रकल्पाविषयी कुणी प्रश्न विचारला की त्याला तत्काळ 'विकासविरोधी' ठरविण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. मुळशी तालुक्यातील लवासा ही या रीतीची फलश्रुती होय.

शंका, संशय आणि अविश्वास हे शब्द मराठीत सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. शंका उत्तर मागते. म्हणूनच 'शंकासमाधान' हा शब्द सिद्ध झाला. संशयात मन दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. अविश्वासात उत्तर ऐकण्याची इच्छाच उरत नाही. संशयात्म्याचा विनाश सांगणाऱ्या गीतेच्या चौथ्या अध्यायातच 'परिप्रश्न' हे ज्ञानाचे साधन मानले आहे. न्यायदर्शनाने तर सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान दिले. पूर्वपक्ष मांडल्यावाचून जेथे सिद्धान्त प्रस्थापित होत नाही, त्या परंपरेत प्रश्नकर्ता शत्रू कसा ठरतो?

मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा परिसर २००१ मध्ये गिरिस्थानासाठी अधिसूचित झाला. शेतकऱ्यांची जमीन कशी गेली, वरसगाव धरणाच्या पाण्यावर हक्क कुणाचा, डोंगर कापण्यास अनुमती कुणाची, या साध्या शंका होत्या. त्यांचे समाधान करण्याऐवजी २००८ मध्ये लवासा कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला. बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच! केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये नोटीस बजावली, तोवर दासवे येथे इटलीतील पोर्तोफिनोचे प्रतिरूप आकाराला आले होते.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. २०२३ मध्ये मंजूर झालेली १,८१४ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजनाही तडीस गेली नाही. आयुष्याची पुंजी घरात गुंतविणारी मध्यमवर्गीय कुटुंबे मात्र अडकली. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यास विलंब झाल्याचे कारण देत हस्तक्षेप नाकारला.

हा 'विलंब' शब्द प्रत्येक नागरिकाने ध्यानी ठेवावा. शंका वेळेवर विचारली तर समाधान होते. दडपली तर तिचा संशय होतो आणि संशय कुजला की अविश्वास. आज लवासाच्या नावाभोवती जो अविश्वास दाटला आहे, तो प्रश्नकर्त्यांनी निर्माण केलेला नाही. उत्तर टाळणाऱ्यांनी केला आहे. तेव्हा पुढचा भव्य आराखडा गावात येईल, त्या दिवशीच ग्रामसभेत उभे राहून कागद मागावेत. तो द्रोह नव्हे, नागरिकधर्म आहे.