बोटाएवढा सम्राट

वर्षभर या सदरातून मी दुसऱ्यांच्या घरात डोकावत असतो. कुणाचा पाहुणा, कुणाची उधारी, कुणाचे भांडण यांवरच माझी लेखणी चालते, असे हिचे मत आहे. निदान दिवाळीला तरी माणसाने आपल्या घरची जळमटे काढावीत, या न्यायाने यंदा आमच्याच बैठकीच्या खोलीतली हकिगत सांगतो. ती एका माशाची आहे.

चिरंजीव दहावीला बसले होते, तेव्हा ‘ऐंशीच्या वर टक्के मिळव, मागशील ते देईन,’ असे मी बोलून गेलो. दशरथाची गोष्ट जन्मभर शिकवली तरी वचन देताना माणूस सावध होत नाही तो नाहीच. निकाल लागला, सत्त्याऐंशी टक्के मिळाले आणि चिरंजीवांनी मागितले काय, तर एक ‘एंजल मासा’! मला हायसे वाटले. दातांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतून संथपणे फिरणारे ते त्रिकोणी, झालरवाले मासे मी पाहिले होते. असे चार मासे घरात आल्याने कुणाचे राज्य जाणार नव्हते.

पण तो एंजल वेगळा. तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, गोड्या पाण्यातला. चिरंजीवांना हवा होता समुद्रातला, प्रवाळांच्या खडकांत राहणारा ‘एम्परर एंजल’. दोघांचे नाव तेवढे सारखे, नातेगोते काही नाही. इंग्रजीत देवदूत आणि सम्राट अशा दोन्ही पदव्या एकट्याने मिरवणारा हा मासा. १७८७ मध्ये ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा ‘इम्पेरातोर’ असेच त्याचे नाव ठेवले.

मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. पण लहानपणी वडिलांनी मला मुंबईला चौपाटीजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेले होते. १९५१ साली उघडलेली ती इमारत. तिथल्या काचेला नाक लावून मी इतका वेळ उभा राहिलो होतो, की वडिलांना परतीच्या गाडीची आठवण द्यावी लागली. माझ्या मुलाला ते मत्स्यालय दाखवायचे ‘या सुटीत, त्या सुटीत’ करता करता राहून गेले आणि २०२० च्या साथीत त्याची दारे बंद झाली. ती टोचणी मनात होती. मी ‘बरे’ म्हटले.

आता नाशिकला समुद्र कुठला? आमची गंगा त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरांच्याही आत. पण ही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरांची पायपीट करून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेव्हा समुद्र घरीच करणे आले. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची पेटी आली. तिच्यात पाणी मावते सुमारे २५० लिटर आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार असतात सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे पहिल्याच दिवशी जवळजवळ नऊ किलो मीठ! तेही स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी पुष्कळ काही असते, म्हणून त्याचे तयार मिश्रण मिळते ते घ्यावे लागते. त्याची किंमत ऐकून ही म्हणाली, “अहो, इतक्यात मीठ नव्हे, सबंध मिठागर आले असते.”

मीठ विरघळले, पाणी आरशासारखे झाले आणि मी म्हटले, “चला, आता मासा आणू.” चिरंजीव म्हणाले, “अजून दीड महिना आहे, बाबा.” माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, तेव्हा कुठे पाणी सुसह्य होते. हे जिवाणू दगडांवर आणि गाळणीत हळूहळू वस्ती करतात आणि त्यांची घडी बसल्याखेरीज मासा सोडणे म्हणजे त्याला मारणे. दीड महिना आमच्याकडे रिकाम्या पाण्याची पूजा चालली होती. येणारे-जाणारे विचारीत, “मासे कुठे आहेत?” आम्ही सांगत असू, “अजून पाणीच शिजते आहे.”

पेटीत खरी प्रवाळे ठेवावीत असे मला वाटत होते. पण आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय हा मासा प्रवाळांना चोच मारल्याशिवाय राहत नाही. तेव्हा साधे दगडच रचले.

शेवटी एका शनिवारी, पंचवटी एक्स्प्रेसने, प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून सम्राट नाशिकला पोचले. काय सांगू! बोटाएवढा जीव. गर्द निळे अंग, त्यावर एकात एक पांढरी वर्तुळे, जणू कुणी रात्रीच्या तळ्यात खडा टाकला आहे. मोठा सम्राट असा दिसतच नाही. त्याच्या अंगावर पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा आणि डोळ्यांवर काळी पट्टी. दोघांत इतका फरक, की पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी पिल्लाला निराळीच जात समजून निराळे नाव देऊन टाकले होते. हा वेगळा वेष कशासाठी, याचा एक खुलासा असा देतात, की हे मासे आपल्या हद्दीचे फार कडवे असतात. आपल्यासारखा रंग दिसला की तुटून पडतात. पिल्लाचा वेष निराळा असल्यामुळे वडीलधारे त्याला आपल्या हद्दीत खपवून घेतात.

पण महाराज जेवेनात. समुद्रात त्यांचा मुख्य आहार म्हणजे स्पंज. नाशिकच्या बाजारात स्पंज मिळतो तो भांडी घासायचा. सहा दिवस झाले. चिरंजीवही धड जेवेनात. अखेर माझी आई पुढे झाली. आई मालवणची. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला लागले म्हणून ती इकडे आली आणि पन्नास वर्षांत तिने नाशिकच्या मासळीबाजाराला कधी चांगले म्हटले नाही. मासा आला त्या दिवशी तिने एवढेच विचारले होते, “ह्यो मासो खातत काय रे?” आता तिने कोळंबी सोलली, मोहरीएवढे तुकडे केले आणि एक तुकडा पेटीत सोडला. महाराजांनी तो पाहिला, दोनदा प्रदक्षिणा घातली आणि गिळला. पुढे पालकाची उकडलेली पानेही खाऊ लागले. आईच्या हाताला गुण असतो तो असा.

माझाही हातभार लागला, पण उलटा. पेटीतले पाणी आटून कमी झालेले पाहिले की मी खारे पाणी करून भर घालीत असे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हे मी प्राथमिक शाळेत शिकलो होतो; पण ज्ञान आणि हात यांची गाठ पडावी लागते. खारटपणा वाढत गेला, मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागला, तेव्हा चूक उघडकीस आली. चिरंजीवांनी दोन दिवस थोडे थोडे गोडे पाणी घालून तो सावरला. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

आणि मग ती रात्र आली. चिरंजीव बारावीत होते. श्रावणातला पाऊस, कोपऱ्यावरचे रोहित्र जळाले आणि रात्री एक वाजता वीज गेली. पंप थांबला. पाणी खेळते राहिले नाही तर त्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरतो. उपाय एकच: मगाने पाणी उचलायचे आणि वरून धार धरून पुन्हा पेटीत सोडायचे, म्हणजे त्याबरोबर हवा आत जाते. मेणबत्ती लावून आम्ही पाळी लावली. पन्नास मग त्याचे, पन्नास माझे.

तिसऱ्या का चौथ्या पाळीला तो म्हणाला, “बाबा, मला इंजिनिअरिंगला जायचे नाही.”

मी मोजीतच होतो. बावीस, तेवीस.

“रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. चार वर्षांची पदवी आहे. मला तिथे जायचे आहे.”

वाचकहो, हेच वाक्य उजेडात, जेवणाच्या टेबलावर ऐकले असते तर मी त्याला पाऊण तासाचे व्याख्यान दिले असते. पाऊण तास बोलण्याचाच मला पगार मिळतो. पण हातात मग होता आणि आकडा चुकला असता. शिवाय मेणबत्तीच्या उजेडात एक गोष्ट माझ्या प्रथमच लक्षात आली. माशाच्या अंगावरची वर्तुळे तुटून त्यांतून पिवळ्या रेघा उमटू लागल्या होत्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला ओठावर मिसरूड फुटली होती. दोन्ही गोष्टी रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होत्या.

“पन्नास झाले,” मी म्हटले. “घे.” आणि मग सांगितले, “ते अर्ज वगैरे काय असतात, ते उद्या दाखव.”

पहाटे पाचला वीज आली. दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर हात उचलता येईना.

त्यानंतर मासा झपाट्याने वाढला. वीतभर झाला, रेघा पुऱ्या उमटल्या. आता चार फुटांच्या पेटीत तो दोन झेपा घेई आणि वळे. खोलीत कुणी दचकवले तर आतून ठक्‌ असा आवाज येई. हा मासा चक्क आवाज करतो. पुढे तो ४० सेंटिमीटरपर्यंत जाणार, त्याला निदान ८०० लिटरांची पेटी हवी आणि तो दहा-पंधरा वर्षे सहज जगणार, हे सगळे चिरंजीवांना आधीपासून ठाऊक होते. मला त्यांनी ते टप्प्याटप्प्याने सांगितले. ८०० लिटर म्हणजे आठशे किलोंहून जास्त वजन, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर!

शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. हात धुताना मनूच्या ओंजळीत चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला वाचव. मनू त्याला घटात ठेवतो. वाढल्यावर खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडतो. मुलांना मी त्यातला प्रलय रंगवून सांगत असे. प्रत्येक वेळी भांडे अपुरे पडल्यावर मनूला काय वाटले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

“तेका दर्यात सोड,” आई म्हणाली. पण तेही करता येत नाही. पेटीतला मासा भलत्या समुद्रात सोडला तर रोग पसरतात. कधी कधी त्याहून वाईट घडते. आपल्या बाजूच्या समुद्रातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्याला दिसला, बहुधा कुणाच्या तरी घरच्या पेटीतून सुटलेला. आज तिकडच्या प्रवाळांत त्याने उच्छाद मांडला आहे. अखेर मुंबईचे एक गृहस्थ भेटले, त्यांच्याकडे हजार लिटरांची पेटी आहे. ज्या आठवड्यात चिरंजीव रत्नागिरीला जायचे होते, त्याच आठवड्यात ते माशाला पोचवून आले. “कसा राहिला?” मी विचारले. “मागे वळून पाहिले नाही त्याने,” तो म्हणाला. आणि लगेच, “मासे पाहत नाहीत, बाबा.”

पेटी अजून बैठकीत आहे, रिकामी. ही म्हणते, त्यात फराळाचे डबे ठेवू. मी म्हणतो, राहू दे. धनत्रयोदशीला पहाटेच्या एसटीने चिरंजीव येणार आहेत. परवा फोनवर म्हणाले, “बाबा, या वेळी लहानच राहणारे मासे पाळू. मी सगळे नीट शिकलो आहे.” मी ‘बघू’ म्हणालो. ऐकू कमी येत असूनही आईला नेमके तेवढे ऐकू गेले. माझ्या हातून फोन घेऊन तिने नातवाला बजावले, “आता हाडलंस तर खावचो मासो हाड!”