भारी घड्याळ रोज वापरावे काय?

जुन्या जालन्यातील पुष्कळ घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात एक घड्याळ जपून ठेवलेले असते. कुणाला ते लग्नात सासऱ्यांकडून मिळालेले असते, कुणाच्या भावाने सौदीहून किंवा दुबईहून आणलेले असते. पातळ, सोनेरी काठाचे, चामडी पट्ट्याचे. ईदच्या दिवशी, निकाहाच्या मजलिसीत ते मनगटावर येते आणि रात्री पुन्हा डबीत जाते. अलीकडे मात्र तरुण दुकानदार असे घड्याळ रोज घालून गल्ल्यावर बसू लागले आहेत. घरातील बुजुर्ग रागावतात, तरुण म्हणतात, "वस्तू घेतली ती वापरण्यासाठीच ना?" गेल्या महिन्यात गांधी चमनजवळ चहा घेताना हाच वाद आमच्यासमोर झाला. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

मुळात तरुणांचे म्हणणे आम्हाला पटते. घड्याळ डबीत ठेवल्याने टिकते हा समज चुकीचा आहे. चावीच्या घड्याळातील तेल न वापरताही सुकते, आणि सेलच्या घड्याळात संपलेला सेल तसाच राहिला तर तो पाझरून आतील यंत्र खातो. वीस वर्षे कुलपात राहिलेले घड्याळ मुलाच्या लग्नात बाहेर काढावे आणि ते बंद निघावे, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. परंतु रोज वापरण्यापूर्वी तीन हिशेब करावे लागतात: कामाचा, पाण्याचा आणि वहीचा.

प्रथम कामाचा. समारंभाचे घड्याळ पातळ असते, कारण ते सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकावे. टायटन कंपनीने २००२ मध्ये एज नावाचे घड्याळ आणले. त्याची जाडी अवघी साडेतीन मिलिमीटर होती आणि आतील यंत्र १.१५ मिलिमीटरचे. कारागिरी म्हणून ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण इतक्या पातळ वस्तूकडून हातोड्याच्या धक्क्याची अपेक्षा कशी करावी? आपले जालना हे रोलिंग मिलचे, बियाण्यांचे आणि सरकी-कापसाचे गाव. आपली माणसे वेल्डिंग करतात, लेथवर उभी राहतात, पोती उचलतात. वेल्डिंग यंत्राजवळ व मोठ्या मोटारीजवळ चुंबकीय ओढ असते. त्यामुळे चावीच्या घड्याळातील केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागते. सेलचे घड्याळ अशा ठिकाणी मागे पडते. धुळीतील वाळूचा कण साध्या काचेपेक्षा कठीण असतो, म्हणून बाहीने पुसता पुसताच काचेवर ओरखडे उठतात. नीलमणी काच असेल तर हा त्रास नाही, पण ती आपटल्यास फुटते.

प्रत्येक महाग घड्याळ नाजूक असते असेही नाही. राडो कंपनीने १९६२ मध्ये डायस्टार काढले ते मुळात ओरखडे पडू नयेत म्हणूनच, कठीण धातूच्या घराचे. आखाती देशांतून येणाऱ्या मंडळींनी ते आपल्याकडे पोहोचवले आणि आजही अनेक बुजुर्गांच्या हातावर ते तसेच चकचकीत दिसते. उलट एचएमटीचे साधे घड्याळ घ्या. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला हा कारखाना उभा राहिला. त्याच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण घड्याळे अजून चालत आहेत. तेव्हा किंमत पाहून नव्हे, तर आपले काम पाहून घड्याळ निवडावे. कापडाच्या किंवा अत्तराच्या दुकानात गादीवर बसणाऱ्याने पातळ घड्याळ खुशाल रोज घालावे. वेल्डर, सुतार आणि गॅरेजवाल्या बंधूंनी ते कामाच्या जागी नेऊ नये.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि तो आपल्या वाचकांना विशेष लागू आहे. दिवसातून पाच वेळा वुजू म्हणजे वर्षाला १,८२५ वेळा. चामडी पट्टा तितक्या वेळा काढला-घातला तर भोके फाटतात. न काढता वुजू केला तर पट्टा कुजतो, शिवाय घट्ट पट्ट्याखाली पाणी पोहोचले की नाही ही शंका राहते. घड्याळामागे ३० मीटर किंवा ३ बार असे लिहिलेले असते. ते वाचून कित्येक जण ते नळाखाली धरतात. हा आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की शिंतोडे उडाले तर चालेल. त्यातही आतील रबरी कडे काही वर्षांत कडक होते आणि मग तेवढाही भरवसा उरत नाही.

हे आम्ही पुस्तकी सांगत नाही. लग्नातले घड्याळ आम्हीच एका पावसाळ्यात दुकानावर रोज घातले. श्रावणात काचेला आतून बाफ धरली. आपोआप जाईल म्हणून दुर्लक्ष केले. घड्याळजीने मागचे झाकण उघडले तेव्हा चावीच्या दांड्यावर गंज होता आणि तबकडीवर डाग. तो म्हणाला, "बाफ दिसली त्याच दिवशी आणले असते तर तास-दोन तासांचे काम होते." काटे पुन्हा चालू झाले, डाग मात्र कायम राहिला. तेव्हापासून रोजच्या वापराला आम्ही पोलादी पट्ट्याचे, १०० मीटरचे साधे घड्याळ ठेवले आहे. ते जुमेरातच्या बाजारापासून मशिदीच्या हौजापर्यंत सर्वत्र चालते.

येथेच सोन्याची गोष्टही सांगून टाकावी. पुरुषाने सोने वापरू नये हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही सोन्याच्या घराचे घड्याळ भेट आले की ते दागिना नाही असे समजून घातले जाते. नुसता मुलामा असेल तर आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. पोलादी घर घेतले की हा प्रश्नच उरत नाही आणि ते मजबूतही असते.

तिसरा हिशेब वहीचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत मोठा. आमच्या ओळखीच्या दोन भावांचे सामायिक दुकान होते. थोरल्याने गल्ल्यातून पैसे उचलून परदेशी घड्याळ घेतले आणि खर्च दुकानाच्या नावे टाकला. कारण दिले की बाहेरगावच्या व्यापाऱ्यांवर छाप पडते. धाकटा दीड वर्ष काही बोलला नाही. पण वाटणीला बसले त्या दिवशी त्याने पहिला आकडा काढला तो घड्याळाचा. रक्कम दुकानाच्या मानाने मोठी नव्हती, मन दुखावले होते ते न विचारण्याने. आज दोघांची दुकाने वेगळी आहेत आणि दोन्ही लहान आहेत.

म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, घड्याळ हा दुकानाचा खर्च नव्हे, ती मालकाची उचल आहे आणि वहीत तशीच लिहावी. भागीदार असेल तर आधी त्याला विचारावे. हप्त्यावर किंवा माल भरण्याच्या पैशातून घेऊ नये. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. तेव्हा मोह वाढेल. पण घेण्याआधी त्याच्या साफसफाईचा खर्च विचारावा. चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांतून एकदा ती लागतेच. तो आकडा ऐकून छातीत धस्स होत असेल तर ते घड्याळ आपल्या ऐपतीचे नाही असे समजावे. आणि मुलीच्या बापाकडे बोट दाखवून मागितलेल्या घड्याळाविषयी तर काय लिहावे? मागून घेतलेल्या वस्तूने मनगटाची शोभा वाढत नाही.

ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे त्यांनी चांगले घड्याळ जरूर घालावे, कपाटात कैद करू नये. रोज घातले म्हणजे ते बिघडेल, आणि बिघडले म्हणजे गावातील घड्याळजीकडे जाईल. मोबाईलने वेळ दाखवायला सुरुवात केल्यापासून या हुनरमंद माणसांच्या काचेच्या पेट्या एकामागून एक बंद होत आहेत. सेल बदलण्यापुरतेच त्यांच्याकडे न जाता जुनी घड्याळेही त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावीत. हा हुनर एकदा गावातून गेला की आपल्या आजोबांचे घड्याळ उघडायला दुसऱ्या शहराचा रस्ता धरावा लागेल.

राहिला प्रश्न छाप पडण्याचा. आमच्या अनुभवात गिऱ्हाईक दुकानदाराच्या मनगटाकडे पाहते ते एकदाच. त्यानंतर ते तराजूच्या काट्याकडे पाहते आणि सांगितलेल्या वेळी माल तयार आहे की नाही ते पाहते. संध्याकाळी पाच वाजता शेरवानी देतो म्हणणाऱ्या शिंप्याने ती पाचलाच दिली, तर त्याच्या हातात घड्याळ कोणते आहे हे कुणी विचारत नाही.