श्रेय कोणाचे, हे मोजता येते



स्पेनमधल्या बिल्बाओतला पर्यटन-रोजगार गुगेनहाइम संग्रहालयामुळे वाढला असे म्हणता येत नाही, हे काही पत्रलेखकांचे मत मला पटत नाही. १९९५मध्ये मेट्रो आली, २००० साली विमानतळाची नवी इमारत झाली, आणि त्यांनीही पर्यटक वाढले असतील, हे खरेच. पण संग्रहालय उघडले ऑक्टोबर १९९७मध्ये, म्हणजे या दोन्हींच्या मधे; त्यामुळे त्याचा परिणाम वेगळा तपासता येतो. म्हणूनच अर्थतज्ज्ञ बिआत्रिस प्लाझा यांनी तिकीटविक्रीवर न थांबता हॉटेलांतल्या मुक्कामांची महिनावार आकडेवारी तपासली. हंगामी चढउतार वगळले की उद्घाटनानंतरची उडी वेगळी दिसते. मुक्काम वाढले तरच खोल्यांच्या चादरी बदलायला माणसे लागतात; सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यामुळे तेवढे काम निर्माण होत नाही. या नोकऱ्या तिथल्या बंद पडलेल्या जहाजबांधणी कारखान्यांतल्या पगाराच्या तोडीच्या आहेत का, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तेव्हा नुसती डोकी नकोत, वर्षातले कामाचे महिने आणि वेतनही मोजा.

— एक वाचक