एकाच घरातली दोन मतं



माझ्या खालाची मुलगी गेली अनेक वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात राहते. तिचा मुलगा नोकरीसाठी मिशिगन राज्यात असतो. दोघंही तिथले नागरिक आणि मतदार. 2024 च्या निवडणुकीआधी फोनवर गप्पा चालल्या होत्या. मुलगा सांगत होता, ‘खाला, रोज दाराची बेल वाजते. टपालपेटी पत्रकांनी भरलेली. दोन्ही पक्षांचे लोक मत मागायला येतात.’ त्यावर बहीण म्हणाली, ‘आपा, माझ्या दारात एक माणूस फिरकला नाही. माझ्याच पोराचं मत माझ्यापेक्षा महाग झालं बघ!’

ती हसत होती, पण बोलली ते खरं होतं. देश एक, पद एक, उमेदवार तेच. मग मायलेकांच्या मतांत हा फरक का?

कारण अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मिळतात. प्रतिनिधीगृहात त्या राज्याचे जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवायचे. राजधानी वॉशिंग्टनचे तीन धरून एकूण निर्वाचक 538 होतात. ज्याला 270 मिळाले तो राष्ट्राध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर बाकी सगळीकडे राज्यात एका मताने पुढे असलेला उमेदवारही त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो.

त्यामुळे ज्या राज्याचा कल आधीच ठरलेला आहे, तिथे कुणी वेळ घालवत नाही. सगळा जोर चुरशीच्या सहा-सात राज्यांवर असतो. कॅलिफोर्नियाचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे. 2020 मध्ये तिथे डोनाल्ड ट्रम्प यांना 60 लाख मतं पडली, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. पण निर्वाचक एकही मिळाला नाही. म्हणजे हा अन्याय एकाच पक्षावर होतो, असंही नाही.

संख्येचा तोलही सारखा नाही. 2020 च्या जनगणनेनुसार वायोमिंग राज्यात सुमारे पावणेसहा लाख माणसं आणि तीन निर्वाचक. कॅलिफोर्नियात सुमारे 3 कोटी 95 लाख माणसं आणि 54 निर्वाचक. हिशेब केला तर तिकडे दोन लाखांहून कमी माणसांमागे एक निर्वाचक, इकडे सव्वासात लाखांहून अधिक माणसांमागे एक.

याचा परिणाम निकालावर होतो. 2000 साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त पडली. पण फ्लोरिडा राज्य जॉर्ज बुश यांनी अवघ्या 537 मतांनी जिंकलं आणि राष्ट्राध्यक्षही तेच झाले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, तरी ट्रम्प जिंकले. 2024 मध्ये मात्र ट्रम्प यांना जनतेची मतंही प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त होती. दर वेळी उलटं घडतं असं नाही. पण घडू शकतं, ही या पद्धतीची खोट आहे.

ही पद्धत 1787 साली फिलाडेल्फियाच्या संविधान सभेत ठरली. देश पसरलेला, दळणवळण अवघड, लांबच्या उमेदवाराची लोकांना माहिती नाही, अशी कारणं होतीच. आणखी एक कारण मात्र मुलांना शिकवताना सहसा सांगितलं जात नाही. दक्षिणेतल्या राज्यांत लाखो गुलाम होते. त्यांना मताचा हक्क नव्हता, पण राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला जाई. थेट मतदानात दक्षिणेचं वजन घटलं असतं. निर्वाचकांच्या पद्धतीत ते वाढलं. ज्याला बोलायचा हक्क नाही, त्याच्या डोक्यावर मालकाचं वजन वाढवलं गेलं.

या पद्धतीच्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. समर्थक सांगतात की अमेरिका हा राज्यांचा संघ आहे. थेट मतदान झालं तर उमेदवार फक्त मोठ्या शहरांत फिरतील आणि लहान राज्यांना कुणी विचारणार नाही. शिवाय निकाल अटीतटीचा झाला तर आज एका राज्यात फेरमोजणी होते. तेव्हा साऱ्या देशात करावी लागेल. ही दुसरी अडचण खरी आहे. पण लहान राज्यांचं काय? वायोमिंगमध्ये आज तरी कोण फिरकतं? लहान राज्यांसाठी सिनेट आहेच. तिथे वायोमिंगचे दोन आणि कॅलिफोर्नियाचेही दोनच.

आता आपल्या मनाजवळचा मुद्दा. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात अरब वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये गाझाच्या प्रश्नावर नाराज असलेल्या मतदारांनी मोहीम उघडली आणि राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी ‘कुणालाही बांधील नाही’ असं मत दिलं. त्याची दखल जगाने घेतली. मतदानाच्या काही दिवस आधी ट्रम्प स्वतः डिअरबॉर्नला जाऊन आले. तेव्हा आपल्याकडे अनेकजण म्हणाले, ‘बघा, ही पद्धत आहे म्हणून मुसलमानांच्या मताला किंमत आली!’

मला हे पटत नाही. मिशिगनमधल्या मुसलमानाला किंमत आली ती तो चुरशीच्या राज्यात राहतो म्हणून. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातही मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं दुःख तेच, पण त्यांचं दार कुणी वाजवलं नाही. उद्या मिशिगनचा कल एका बाजूला पक्का झाला, तर डिअरबॉर्नचीही बेल वाजायची थांबेल. पत्त्यावर मिळालेली किंमत पत्त्याबरोबरच जाते. अल्पसंख्याकाला खरा आधार एकाच गोष्टीचा आहे: त्याचं मत दुसऱ्या कुणाच्याही मताइतकंच मोजलं जाणं, तो कुठेही राहो.

आठवीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, आपले राष्ट्रपतीसुद्धा आपण कुठे निवडतो?’ प्रश्न रास्त होता. आपले राष्ट्रपतीही निर्वाचक मंडळच निवडतं. खासदार आणि आमदार मत देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, उत्तर प्रदेशाच्या 208, सिक्कीमच्या 7. पण हे मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेलं आहे, म्हणजे माणसं मोजूनच. आणि मुख्य फरक असा की आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः राज्य चालवतो. ज्याच्या हाती एवढा अधिकार, त्याला लोकांनीच थेट निवडायला हवं.

कुणी म्हणेल, थोड्या लोकांनी निवड करणं हे तर आपल्या इतिहासातही आहे. हो, आहे. हजरत उमर (रजि.) यांनी पुढच्या खलीफाच्या निवडीसाठी सहा जणांची शूरा नेमली होती. पण ही जबाबदारी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी कशी पार पाडली, ते पाहा. ते मदिनेत लोकांना विचारत फिरले. इब्ने कसीर यांनी नोंदवलंय की त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांचं, मकतबातल्या मुलांचं, बाहेरून आलेल्या मुसाफिरांचंही मत घेतलं. निवडणारे थोडे होते, पण दार सगळ्यांचं वाजलं. अमेरिकेचे निर्वाचक आज कुणाला विचारत नाहीत. ते पक्षाने नेमलेले असतात, आणि राज्य त्यांना ठरलेल्या उमेदवारालाच मत द्यायला भाग पाडू शकतं, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. मशवरा संपला, नुसता सोपस्कार उरला.

बदल सोपा नाही. 1969 मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली, पण सिनेटमध्ये ती अडली. घटना बदलायला 50 पैकी 38 राज्यांची संमती लागते. म्हणून काही राज्यांनी आपसांत करार केलाय, की देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे. 270 चा आकडा जमला की करार लागू होईल. 2024 पर्यंत 209 जमले होते. फ्रान्सने मात्र 1962 मध्ये सार्वमत घेऊन निर्वाचक मंडळ सोडलं. तिथे आता लोक थेट मत देतात, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मला ही रीत जास्त इन्साफाची वाटते.

मत ही अमानत आहे, असं आपण घरात मुलांना सांगतो. अमानत जपायची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, तशीच ती मोजणाऱ्यावरही आहे. माझ्या बहिणीने त्या वर्षीही रांगेत उभं राहून मत दिलं. ‘कुणी मागायला आलं नाही म्हणून काय झालं, हक्क माझा आहे,’ असं ती म्हणाली. तिचं मत तिच्या मुलाच्या मताइतकं भरेल तो दिवस अल्लाह लवकर आणो.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शा अल्लाह.