नाव, नंबर आणि सरकारची वही

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी रुवैसहून आमच्या भाच्याचा फोन आला. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "मामा, सरकारचा अर्ज फोनवर भरताना शेवटी एक चौकट येते. 'मला हे मान्य आहे' म्हणून तीत खूण करायची. तिच्या वर दोन पाने लिहिलेले असते. ते कोणी वाचते का?" आम्ही शिक्षक असल्यामुळे त्याने आम्हाला विचारले, पण आम्हीही ती दोन पाने कधी वाचलेली नव्हती. वाचक बंधुभगिनींनी आपल्या मनाला हाच प्रश्न विचारून पाहावा.

रुवैस हे नाव आपल्या बेटावर फारसे कोणाला ठाऊक नसेल. संयुक्त अरब अमिरातीत, अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर समुद्रकाठी हे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. आज दिवसाला आठ लाख पिंपांहून अधिक तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. अशा गावी कामाला येणारा माणूस बहुतेक परदेशीच. आमचा भाचा एका ठेकेदाराकडे पाइप जोडण्याच्या कामावर आहे. त्याच्या खोलीत चौघे राहतात, त्यांपैकी एक गृहस्थ रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे. आपले पूर्वज ज्या मुलखातून बोटीत बसले, त्याच मुलखातला माणूस पाच पिढ्यांनी आपल्या मुलाला वाळवंटातल्या एका खोलीत भेटावा, याचे आम्हाला नवल वाटले. दोघे मराठीत बोलतात. आमच्या भाच्याच्या मराठीला ते हसतात आणि तो त्यांच्या मराठीला, असे तो सांगतो.

परंतु फोन करण्याचे कारण निराळे होते. संगमेश्वरच्या या काकांना एक फोन आला होता. बोलणाऱ्याने आपण सरकारी कचेरीतून बोलत असल्याचे सांगितले आणि त्यांचे पूर्ण नाव, जन्मवर्ष व ओळखपत्राचा नंबर बरोबर वाचून दाखवला. इतके सर्व ज्याला ठाऊक आहे तो सरकारचाच माणूस, असे समजून काकांनी फोनवर आलेला सहा अंकी आकडा त्याला सांगितला. त्यांच्या खात्यातून आठशे दिरहम गेले. त्या माणसाला ही माहिती कोठून मिळाली, हे आजवर कोणालाच सांगता आलेले नाही. आम्हाला खेद त्याचाच अधिक वाटतो. पैसे गेलेले दिसतात, पण माहिती कोठल्या दारातून गेली ते दिसत नाही.

दारे तरी किती असतात ते पाहा. अमिरातीत राहणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र असते आणि त्यावर पंधरा अंकी नंबर असतो. पहिले तीन अंक ७८४, हा त्या देशाचा आकडा. पुढचे चार अंक म्हणजे धारकाचे जन्मवर्ष. म्हणजे नंबर कळला की वय आपोआप कळले. २०१८ पासून तेथे 'यूएई पास' नावाची फोनवरची ओळख सुरू झाली आहे. तिच्या एका किल्लीने अनेक सरकारी कचेऱ्यांची दारे उघडतात. सोय मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी ज्या कागदासाठी शंभर कोस जावे लागे, तो आता खाटेवर बसून मिळतो. पण ही किल्ली वापरण्यापुरते इंग्रजी किंवा अरबी सर्व कामगारांना येत नाही. मग माणूस जातो टायपिंग सेंटरमध्ये. तेथील कारकून पासपोर्टचा आणि ओळखपत्राचा फोटो घेतो, पुष्कळदा आपल्याच व्हॉट्सॲपवर मागवतो, अर्ज भरतो, पैसे घेतो आणि पावती देतो. सरकारी संकेतस्थळावर गोपनीयतेची जी सूचना असते, ती कामगाराच्या डोळ्यांपुढे येतच नाही. 'मान्य आहे' ही खूण कारकून करतो. कामगाराचे नाव, गाव, बायकोमुलांचे कागद मात्र त्या कारकुनाच्या फोनमध्ये राहतात, आणि त्या फोनवर कोणत्याही सरकारचे गोपनीयता धोरण चिकटवलेले नसते.

महाराष्ट्रात सेवा केंद्रांतून हेच चालते. आपल्याकडेही निराळे काही नाही. आपल्या आजी पेन्शनचे कागद शेजारच्या मुलाच्या हाती देतात, तो शहाणा असला तर ठीक.

अशा सूचनांत असते तरी काय? भाच्याच्या प्रश्नामुळे आम्ही तीन देशांच्या सरकारी संकेतस्थळांवरील सूचना बसून वाचल्या. भाषा वकिली आहे, परंतु गाभा साधारण सारखाच. संकेतस्थळ दोन प्रकारची माहिती घेते. एक आपण स्वतः लिहून देतो ती: नाव, पत्ता, पासपोर्ट. दुसरी न सांगता घेतली जाते. आपण कोणत्या यंत्रावरून आलो, कोणत्या वेळी आलो, कोणकोणती पाने उघडली, याची नोंद तिकडे होते. आपल्या यंत्रात 'कुकी' नावाची छोटी खूण ठेवली जाते, म्हणजे पुढच्या खेपेस आपण ओळखले जातो. माहिती विकणार नाही, तिसऱ्या पक्षाला देणार नाही, असे वचन असते. त्यापुढे बहुधा एक छोटा शब्दसमूह असतो: कायद्याने आवश्यक असल्याखेरीज. सगळे वचन त्या तीन शब्दांच्या खुंटीला टांगलेले असते. म्हणून कायदा काय म्हणतो, हे पाहणे भाग आहे.

अमिरातीने २०२१ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदा केला. त्या वर्षीचा तो ४५ क्रमांकाचा कायदा, आणि २ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. दुकानदाराने, कंपनीने माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरू नये, त्याला ती पाहू द्यावी, चुकीची असल्यास दुरुस्त करावी, असे त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण सरकारी माहिती आणि ती सांभाळणाऱ्या सरकारी संस्था त्याने स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. चोरून सरकारी माहितीत शिरणाऱ्याला शिक्षा करणारा दुसरा कायदा तेथे आहे, आणि तो कडक आहे. तरीही कंपनीकडे जो हक्काने जाब मागता येतो, तोच या कायद्याखाली सरकारी कचेरीकडे मागता येत नाही.

हे उलटे झाले आहे, असे आमचे मत आहे. दुकानदार फार माहिती विचारू लागला तर आपण दुसऱ्या दुकानात जाऊ. सरकारी कचेरी मात्र एकच असते. तिला नाही म्हटले तर काम नाही, परवाना नाही, खोली नाही. जेथे नकार देण्याची सोय नाही, तेथे 'मला मान्य आहे' या शब्दांना संमती कसे म्हणावे?

भारताकडे पाहावे, तर तेथील कथा महाराष्ट्रातच सुरू होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचा नंबर बारा अंकी आहे आणि त्या अंकांवरून जन्मतारीख, जात, प्रांत काहीही कळत नाही. ही त्याची चांगली बाजू. परंतु नंबर कितीही मुका असला तरी तो नावासह भिंतीवर लावला तर काय उपयोग? २०१७ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना आधार प्राधिकरणाने मान्य केले की, सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते व आधार क्रमांक लोकांना दिसत होते. ते हटवण्यात आले. कोणी चोर आत शिरला नव्हता. कोणत्या गरिबाला कोणती मदत मिळाली हे उघड असावे, या हेतूने कचेऱ्यांनीच याद्या लावल्या होत्या. हेतू चांगला आणि हात निष्काळजी.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. मात्र त्या कायद्यातही सरकारला आपल्या संस्थांना सूचनेद्वारे सूट देता येते.

हे सर्व आपल्यापासून दूर आहे, असे कोणी समजू नये. आपले पणजोबा-खापरपणजोबा पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा सरकारने काय केले? वहीत नाव लिहिले, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा व गाव लिहिले आणि एक नंबर दिला. नाव लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत नव्हते. आपल्यापैकी कित्येकांची आडनावे तेव्हापासून वाकडी झाली ती झालीच. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला तर भटका म्हणून तुरुंग. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या आज जपून ठेवलेल्या आहेत. आपण तेथे जातो, पूर्वजाचा फोटो पाहतो, डोळे भरून येतात. परंतु तो फोटो काढताना त्या माणसाला कोणी विचारले नव्हते, हेही खरे.

आता तोच नंबर पुन्हा प्रवासाला निघाला आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आपल्या बेटावर आल्या असताना, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवणारी खास तरतूद जाहीर झाली. तेव्हापासून आपल्या कित्येक घरांतून पूर्वजांच्या नोंदी, जन्माचे व लग्नाचे दाखले भारत सरकारच्या संकेतस्थळावर चढवले जात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे, आम्ही स्वतःही कागद जमवत आहोत. फक्त संकेतस्थळाचे नाव दोनदा वाचा. भारत सरकारच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. 'लवकर करून देतो' म्हणणाऱ्या भलत्याच स्थळावर सात पिढ्यांचे कागद देऊन बसू नका. आपल्या सरकारची बहुतेक स्थळे 'जीओव्हीएमयू डॉट ओआरजी' या नावाखाली आहेत. 'ओआरजी' असा शेवट असलेले नाव जगात कोणालाही विकत घेता येते, म्हणून सरकारने ही पद्धत बदलावी असे आम्हाला फार दिवस वाटते.

आपल्या ओळखपत्राचा नंबरही पाहावा. पहिले अक्षर आडनावाचे, पुढचे सहा अंक जन्मतारखेचे. अमिरातीचा नंबर वर्ष सांगतो, आपला तर दिवसही सांगतो. म्हणून तो दुकानाच्या वहीत आणि लॉटरीच्या कुपनावर लिहू नये.

तरीही एका बाबतीत आपण भाग्यवान आहोत. २०१३ मध्ये नवे ओळखपत्र आले आणि प्रौढ नागरिकांच्या बोटांचे ठसे घेतले गेले. काही नागरिक न्यायालयात गेले. मे २०१५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठसे घेणे मान्य केले, परंतु ते सरकारी भांडारात साठवून ठेवणे राज्यघटनेत बसत नाही, असे ठरवले. त्याच वर्षी तो साठा नष्ट करण्यात आला. कार्डातील ठशांविषयीचे अपील प्रिव्ही कौन्सिलने २०१६ मध्ये फेटाळले, पण २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने पुरेशी सुरक्षा नसल्याचा ठपका आपल्या देशावर ठेवला. शिवाय आपला २०१७ चा माहिती संरक्षण कायदा, जो १५ जानेवारी २०१८ पासून चालू आहे, तो राज्यालाही बांधील करतो. राष्ट्रीय सुरक्षेसारखे अपवाद आहेत. एरवी कोणत्याही कचेरीला आपण लेखी विचारू शकतो की, माझ्याविषयी तुमच्याकडे काय लिहिले आहे. त्याचे उत्तर एका महिन्याच्या आत व विनामूल्य मिळावयास हवे.

किती जणांनी असे पत्र लिहिले आहे? आमच्या ओळखीत एकानेही नाही. आम्ही शाळेच्या सहावीच्या वर्गात पत्रलेखन शिकवतो, आजारी मित्रास पत्र, मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज. या वर्षी हाही एक अर्ज शिकवायचा विचार आहे. नमुना म्हणून आम्ही स्वतःच एका कचेरीला पत्र टाकले आहे, उत्तर यायचे आहे.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. खोलीतल्या चौघांनी टायपिंग सेंटर सोडून, जमेल तेवढे अर्ज स्वतः भरायचे ठरवले आहे. इंग्रजी सूचना वाचून मराठीत सांगण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. संगमेश्वरच्या काकांनी त्याला मध्येच थांबवून विचारले, "पहिला पक्ष मी, दुसरा सरकार, मग हा तिसरा पक्ष कोण रे?" त्याला सांगता आले नाही, म्हणून त्याने आम्हाला विचारले. आम्ही त्यांना टायपिंग सेंटरच्या कारकुनाचे उदाहरण दिले आहे.